खालून कापलेल्या सहा ओळी

शहाऐंशी सालच्या डिसेंबरात माझ्या मोठ्या बहिणीने मनाच्या आजारावर चालू असलेल्या गोळ्या एका दिवसात बंद केल्या. ती तेव्हा धानोऱ्याच्या एका खाजगी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. पुढच्या उन्हाळ्यात तिची नोकरी गेली. गोळ्या तिने स्वतःच्या मनाने सोडल्या, असं आमच्या घरात आजही मानलं जातं. ते खरं नाही. खरं काय ते आज एकाच माणसाला माहीत आहे, आणि त्याने ते आईला, बायकोला, भाचीला — कुणालाच सांगितलेलं नाही.

तो माणूस मी.

चंद्रपूरच्या एका छोट्या दैनिकात मी उपसंपादक होतो. म्हणायला उपसंपादक. टेलिप्रिंटरवर आलेल्या इंग्रजी बातम्यांचं मराठी करायचं, प्रुफं बघायची, आणि राजुऱ्याकडे खाणीत काही झालं की एसटी पकडून जायचं, हे काम. काय झालं, कधी, कुठे — हे आधी लिहायचं, विशेषण लावायचं नाही, मत द्यायचं नाही, एवढं मला शिकवलेलं होतं. म्हणून वर जे घडलं ते सरळ लिहिता आलं. आता ते का घडलं हे लिहायला बसलो, तर सकाळपासून तीन कागद फाडून झाले आहेत. माझाच मला वैताग आला आहे. वयाच्या या टप्प्यावर माणसाने इतकं अडखळावं?

बहिणीचं नाव पंचशीला. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात, मीही बाईच म्हणायचो. आमचे बाबा माजरीच्या खाणीत कामाला होते. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव, अंगारे, गंडे एका दिवसात बाहेर गेले. भिंतीतला देवांचा कोनाडा रिकामा झाला, तर बाबा त्यात वर्तमानपत्र ठेवू लागले. पाळीवरून आले की अंगणात बसून, एकेका अक्षरावर बोट ठेवून, शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल असं वाचायचे. कुणी शंका काढली की म्हणायचे, “अरे, छापून आलं आहे. कोणीतरी तपासल्याबिगर छापते का?” बाई आणि मी यावर वाढलो. आमच्या घरात सांगोवांगीला किंमत नव्हती. छापलेल्याला होती.

हे मी सांगतो आहे ते सबब म्हणून नाही. पुढे काय झालं ते कळायला हे लागेल, म्हणून.

भाऊजी जंगल खात्यात होते. ते वारले तेव्हा बाईची मुलगी कल्पना चार वर्षांची होती. लोक म्हणतात तसं बाई तेव्हा खचली नाही. उलट दोन वर्षं तिने शाळा, घर, मुलगी सगळं नेटाने केलं. मग पंच्याऐंशीच्या पावसाळ्यात काहीही न घडता ती थांबली. दुसरा शब्द मला सापडत नाही. कंगवा हातात घेऊन बसायची आणि तासाभराने तशीच बसलेली दिसायची. ताप नाही, खोकला नाही, कुठे दुखत नाही. शेजारणी आईला सांगायच्या की हे बाहेरचं आहे, एकदा दाखवून आणा. आई म्हणायची, “ते सारं आम्ही सोडलं, बाई. डॉक्टर असंल तं सांगा.” अडाणी आईने इतकं शहाणपण दाखवलं. घरातला शिकलेला मी होतो.

नागपूरला मनाच्या आजारांच्या एका डॉक्टरांकडे मीच तिला नेलं. त्यांनी आधी तिच्या हृदयाचा आलेख काढला. मी विचारलं, आजार मनाचा आणि पट्टी छातीची काऊन? ते म्हणाले, प्रश्न बरोबर आहे, आणि औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर त्यांनी चित्र काढलं. दोन मज्जातंतूंची टोकं, मध्ये बारीक फट. एका टोकातून काही द्रव्यं सुटतात आणि दुसऱ्याला निरोप देतात. त्यांतलं एक सेरोटोनिन. झोप, भूक, राग, हुरूप — यांच्यावर त्याचा हात असतो. काम झालं की पहिलं टोक ते परत ओढून घेतं. ही गोळी ते ओढणं कमी करते, म्हणजे निरोप फटीत जास्त वेळ राहतो. आणि हे द्रव्य फक्त डोक्यात नसतं. बरंचसं आतड्यात असतं, रक्तात असतं, ठोक्यांवरही त्याचा असर होतो. गोळीचा वेगळा असरही हृदयावर होतो. “म्हणून पट्टी आधी. बाईंचं हृदय चांगलं आहे. थोडी धडधड होईल, तोंडाला कोरड पडेल. घाबरायचं नाही, मला पत्र टाकायचं. गोळी मात्र आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही.”

हे सगळं मी बातमीदाराच्या वहीत उतरवून घेतलं. शेवटचं वाक्य अधोरेखित केलं. आज डॉक्टर म्हणतात की ते चित्र फार सोपं होतं, मेंदूचं गणित असं एका द्रव्यावर सुटत नाही. असेल. पण त्या गोळीने माझी बहीण उठली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

लगेच नाही उठली. पहिले तीन आठवडे नुसती कोरड आणि बद्धकोष्ठ. आई म्हणाली, “पैसे घेऊन खडू देल्ले का रे त्यानं?” चौथ्या आठवड्यात बाईने स्वतःहून चहा मागितला. मग केस विंचरले. दिवाळीनंतर ती शाळेत परत गेली. जानेवारीत मी धानोऱ्याला गेलो तेव्हा तिचा आवाज मला शाळेच्या फाटकाबाहेर ऐकू आला — “ए सोमाजी, खाली बस! पाय आहेत का चाकं?” मी फाटकाशी थांबलो. त्या आवाजासाठी मी नागपूरचे किती फेरे केले होते, तेव्हा मला मोजायचे नव्हते.

पुढे मोजू लागलो.

कारण ती गोळी ना धानोऱ्यात मिळायची, ना गडचिरोलीत. महिन्याला एकदा मी नागपूर गाठायचं, पुडकं आणायचं, आणि धानोऱ्याला पोचवायचं किंवा ओळखीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचं. कंडक्टर विचारायचा, “काय आहे जी यात?” मी म्हणायचो, शक्तीच्या गोळ्या. औषधाच्या दुकानातला माणूस चिठ्ठी वाचून माझ्याकडे बघायचा, तेही मला सोसायचं नाही. आणि भेट झाली की बाईचं पालुपद: “मिलिंद, छातीत धडधडते रे. रात्री कानात ठोके ऐकू येतेत.” मी सांगायचो की डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पुढच्या भेटीत पुन्हा तेच. नऊ-दहा महिने. बरी झालेली बाई एवढी कुरकुर का करते? ती बरी झाली याचा आनंद मला दोन महिने पुरला आणि तिच्या गोळ्यांचा कंटाळा वर्षभर. असा हिशेब कोण कबूल करतो? पण तो तसा आहे.

आता डिसेंबर.

टेलिप्रिंटरवर परदेशातली एक बातमी आली. मनाच्या आजारावरच्या काही गोळ्यांचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, असा इशारा काही डॉक्टरांनी दिला होता. मी ती उचलली. विषय मला माहीत होता, म्हणून मोठ्या हौसेने मराठी केलं. वहीतलं वाचून सेरोटोनिन म्हणजे काय त्याची दोन वाक्यं माझ्या पदरची घातली. मथळा दिला — ‘मनाच्या गोळ्या हृदयाला घातक’. मूळ बातमीत ‘घातक’ असं कुठेही नव्हतं. ‘परिणाम होऊ शकतो’ हा मथळा होत नाही, म्हणून मी ‘घातक’ केलं.

छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायला गणपतभाऊ होते. वयाने मोठे, डोळ्यांना जाड चष्मा, तोंड सतत चालू. सेरोटोनिनपाशी ते अडले. “हे कोणतं गाव आहे जी, मिलिंदभाऊ? सिरोंच्याकडचं आहे का?” मी म्हणालो, डोक्यातलं द्रव्य आहे. “तुमच्या डोक्यातलं का?” म्हणाले आणि स्वतःच हसले.

तेवढ्यात नाटकाची जाहिरात आली. झाडीपट्टीत थंडीचे दिवस म्हणजे नाटकांचे दिवस. धान निघालेला असतो, बैलांच्या शर्यतींचे शंकरपट भरतात, गावोगावी रात्रभराची नाटकं लागतात, आणि त्यांच्या जाहिराती आमच्याकडे हमखास शेवटच्या घटकेला येतात. गणपतभाऊ आतूनच ओरडले, “सहा ओळी जास्त होऊन राह्यल्या! काढा कुठूनतरी.”

बातमी खालून कापायची, हा धंद्याचा नियम. महत्त्वाचं वर असतं, कमी महत्त्वाचं खाली, म्हणून जागा कमी पडली की न वाचता खालचं उडवायचं. मी त्याच बातमीच्या खालच्या सहा ओळी उडवल्या. न वाचता नाही. त्या मीच तासाभरापूर्वी लिहिल्या होत्या, तोंडपाठ होत्या. त्यांत असं होतं: हा धोका मुख्यतः आधीपासून हृदयविकार असलेल्यांना व जास्त प्रमाणात गोळ्या घेणाऱ्यांना आहे. इतर रुग्णांनी घाबरून गोळ्या बंद करू नयेत. अचानक बंद केल्यास आजार उलटू शकतो.

दुसऱ्या दिवशी ‘मनाच्या गोळ्या हृदयाला घातक’ ही बातमी त्या सहा ओळींशिवाय छापून आली, आणि दुपारच्या गाडीने धानोऱ्याला पोचली.

इथपर्यंतचं मी कुणाला सांगितलंही असतं. धंद्यातली चूक. कोणाकडून होत नाही? एकदा दोघा मित्रांना सांगायला लागलोही होतो. पण पुढच्या भागाशी आलो आणि विषय बदलला. तुम्हाला वाटेल, आता तरी हा लवकर सांगेल. मलाही तसं वाटलं होतं.

त्या रविवारी बाई चंद्रपूरला आली. कल्पनाला शेजारी ठेवून, पहाटेच्या एसटीने, गडचिरोलीला गाडी बदलून. घरी न जाता सरळ कचेरीत. रविवार असूनही मी कामावर होतो, खाणीतल्या संपाची बातमी लिहीत होतो. तिने पिशवीतून आमचा पेपर काढला. चौघडी करून ती बातमी वर येईल असा. आणि माझ्यासमोर ठेवला.

“मिलिंद, हे खरं आहे का रे?”

मी म्हणालो, काय?

“हे. धडधडीचं. मी तुले वर्षभर सांगून राह्यली, तू म्हणे काई नाई.”

हे ‘तू म्हणे काई नाई’ मला लागलं. एकीकडे तिची कुरकुर बरोबर ठरत होती, आणि ठरवत होती माझीच बातमी. दुसरीकडे टेबलावर, माझ्या उजव्या हाताशी, उभ्या लोखंडी खिळ्याला टेलिप्रिंटरचे कागद अडकवलेले होते. त्या आठवड्याचे सगळे. ही बातमीही. हात लांब केला असता तर मूळ कागद निघाला असता. तिला इंग्रजी बेताचं यायचं, पण मी तिथेच मराठी करून सांगितलं असतं. दोन मिनिटांचं काम.

त्यासाठी एवढंच म्हणावं लागलं असतं की जे छापलं ते अर्धं आहे आणि ते अर्धं मी केलं.

मी म्हणालो, “आमच्या पेपरात खोटं छापतेत का, बाई? वाचता येते न तुले? मास्तरीण आहेस. मंग तूच ठरव.”

शब्द असेच होते. मी ते बदललेले नाहीत. आवाज चढलेला होता. गणपतभाऊंनी आतून डोकं काढून पाहिलं आणि परत आत घेतलं. बाईने पेपर परत पिशवीत ठेवला, म्हणाली, “नाई, रागावू नको. विचारलं फक्त.” मी तिला चहासुद्धा विचारला नाही. ती आईला भेटून दुपारच्या गाडीने परत गेली. मी संपाची बातमी पूर्ण केली. तिच्यासाठी कामगारांची बाजू एकाकडून आणि व्यवस्थापनाची दुसऱ्याकडून, अशी दोन ठिकाणांहून खात्री केली होती.

पुढच्या महिन्यात मी पुडकं पाठवलं. बाईचा निरोप आला, आता पाठवू नको, आधीचंच पुरे आहे. मी विचारलं नाही का. मला सुटल्यासारखं वाटलं. स्पष्टच लिहितो — मला हलकं वाटलं. नागपूरची फेरी वाचली.

फेब्रुवारीत शाळेची वार्षिक तपासणी होती. तपासणीचे साहेब बाईच्या वर्गात बसले. तिने फळ्यावर तारीख लिहिली, खडू हातात धरला आणि उभी राहिली. साहेबांनी वाट पाहिली. मुलांनी वाट पाहिली. एरवी माकडासारखी पोरं, पण एकही हललं नाही असं मुख्याध्यापकांनी मला नंतर सांगितलं. “दहा मिनिटं, भाऊ. मी हात धरून बाहेर आणलं तं खडू सोडेना.”

आई आणि मी तिला पुन्हा नागपूरला घेऊन गेलो. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कधीपासून बंद आहेत? बाई हळू बोलली, पण स्पष्ट बोलली. “डिसेंबरपासून जी.” कुणी सांगितलं? कुठे वाचलं, ऐकलं?

बाईने माझ्याकडे पाहिलं नाही. हे मला पक्कं आठवतं, कारण मी तिच्याकडे पाहत होतो.

“कोणी नाई जी. मीच सोडल्या. मले वाटलं, झाली मी बरी.”

तिने मला वाचवलं, की तिला खरंच तसं वाटत होतं? माहीत नाही. ती नंतर बरीच वर्षं जगली, आणि मी एकदाही विचारलं नाही. दोन ठिकाणांहून खात्री केल्याशिवाय ओळ न छापणाऱ्या माणसाला सोपा प्रश्न होता. डॉक्टर वैतागले. म्हणाले, शिकलेली माणसंच असं करतात. आईने कपाळाला हात लावला. गाडीत बसल्यावर आई बाईला सुनावू लागली, “पोराचे पाय झिजले तुह्या गोळ्या आणता आणता, आन् तू फेकून देल्ल्या? येवढी शाळा शिकून काय केलं तं?” आणि मी — मी खिडकीबाहेर बघत म्हणालो, “तेच तर.”

एवढंच. ‘तेच तर.’

हेही शेवटचं नाही.

डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. दीड-दोन महिने लागतील म्हणाले, पण उठतील. प्रश्न शाळेचा होता. बाईची सगळी रजा पहिल्याच आजारात संपलेली होती. संस्थेच्या कमिटीने लेखी खुलासा मागितला: एकदा बरं झाल्यावर आजार पुन्हा का उद्भवला, पुढे पुन्हा होणार नाही याची हमी काय. मुख्याध्यापक भला माणूस. स्वतः चंद्रपूरला आला. “भाऊ, खरं कारण असंल ते साफ लिवा. औषधात खंड पडला, का पडला ते लिवा, डॉक्टरचं पत्र लावा. कमिटीतले काही म्हणतेत, डोक्याचा बिमार आहे, नको. त्यांना दाखवाले काहीतरी पाहिजे का चूक बाईची नोहती. मंग बिनपगारी रजा मी काढून देतो. जूनमध्ये येईल परत.”

आमच्या घरात अर्ज लिहायचं काम माझं. रेशनकार्डापासून बाबांच्या पेन्शनपर्यंत सगळे कागद माझ्या अक्षरात गेलेले. आईने बाईला माझ्याकडे आणून ठेवलं होतं. मी समोर कागद घेतला.

खरं कारण साफ होतं. ‘अमुक तारखेच्या दैनिकात अपुरी बातमी छापून आली, ती वाचून व तिच्याबद्दल विचारणा केल्यावर चुकीचं उत्तर मिळाल्यामुळे मी औषध बंद केलं.’ मूळ टेलिप्रिंटरचा कागद जोडायचा. तो होता. खिळ्यावरून काढून मी घरी आणून ठेवला होता — कशासाठी आणला होता? फाडायला आणला होता आणि फाडला नव्हता.

मार्चअखेर मला कायम करायचं ठरलेलं होतं. असा अर्ज धानोऱ्याहून फिरून संपादकांच्या टेबलावर यायला दोन दिवस लागले नसते. हे एक कारण. दुसरं कारण याहून लहान आहे. बाईला ते वाक्य वाचून दाखवावं लागलं असतं.

मी लिहिलं: ‘प्रकृतीत सुधारणा झाल्याचे वाटल्याने मी माझ्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे, कोणाचाही सल्ला न घेता औषध बंद केले. याबद्दल मी दिलगीर आहे.’ भाषा चांगली उतरली होती. ‘कोणाचाही सल्ला न घेता’ हे मी नंतर, वरच्या बाजूला बाण काढून घातलं.

बाईने वाचलं. तेव्हा ती बोलायला वेळ घ्यायची. म्हटलं, बरोबर आहे न? मान हलवली. “तू लिवलं तं…” म्हणाली आणि पेन हातात घेतलं. तिची सही पूर्वी गोल, ठसठशीत असायची, मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर सराव झालेली. त्या दिवशी तिला दोनदा थांबावं लागलं. मी कागदाची कड धरून ठेवली.

कमिटीची बैठक एप्रिलमध्ये झाली. तिथे काय झालं ते मला मुख्याध्यापकांनी सांगितलं, आणि कमिटीतल्या दुसऱ्या एकाने नंतर त्याला दुजोरा दिला. खुलासा मोठ्याने वाचला गेला. एक सदस्य म्हणाला, “मीच निष्काळजी आहे असं जी बाई लिहून देते, तिच्या हाती आपण लेकरं कशी द्यायची?” मुख्याध्यापक तरी काय करणार? त्यांच्या हातात माझा कागद होता. बाईला सेवेतून कमी करण्यात आलं.

पुढचं थोडक्यात, कारण त्यात माझ्या बाजूने सांगण्यासारखं काही नाही. मला कायम करण्यात आलं. त्या बातमीचा खुलासा आमच्या पेपरात कधी आला नाही. गणपतभाऊंनी एकदा खिळे पुसता पुसता विचारलं, “ती तुमची बहीण आली होती, ती बरी आहे न जी?” मी बरी आहे म्हणालो. मूळ कागद मी पुढच्या वर्षी फाडला. बाई कल्पनाला घेऊन आईकडे राहायला आली. घरी शिवणकाम करायची, गल्लीतल्या मुलांचा अभ्यास घ्यायची. गोळ्या तिने आयुष्यभर एक दिवसही न चुकवता घेतल्या. धडधडीची तक्रार पुन्हा माझ्याजवळ केली नाही. चार वर्षांपूर्वी ती वारली. कल्पना आता राजुऱ्याला असते, तिची मुलं मोठी झाली. बाईच्या पहिल्या पुण्यस्मरणाला तिने माझ्यासमोर आपल्या मुलीला सांगितलं, “आजी हुशार होती बाप्पा, पण हट्टी. मामानं येवढं करून गोळ्या सोडल्या तिनं. नाईतर हेडमास्तर होऊन रिटायर झाली असती.” पोरगी माझ्याकडे बघून म्हणाली, “हो का, आजोबा?” मी मान हलवली. साठीच्या पुढे वय, आणि मान हलवली.

आता एवढंच राहिलं आहे.

मे महिन्याच्या शेवटी बाईची झोप परत आली. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिने घर सारवायला घेतलं, आईशी भांडली, कल्पनाच्या पाठीत धपाटा घातला. जूनच्या मध्यावर डॉक्टरांनी तिला तपासलं आणि कामावर रुजू होण्यास योग्य असल्याचं पत्र दिलं. बाईला काढून दोन महिने झाले होते, तरी मुख्याध्यापक जून म्हणाले होते म्हणून ते पत्र घेऊन मी धानोऱ्याला गेलो. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, त्याप्रमाणे शाळा उघडलेली होती. बाईच्या दुसरीच्या वर्गावर नव्या शिक्षिका होत्या.